तीन मिनिटं, वर पाच सेकंद

दिवाळी सरली, धान कापून झाले, बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, पेंढ्यांचे पुंजणे उभे राहिले की आमच्या तलावाच्या पाळीवरून आकडे ऐकू यायला लागतात. मी ओसरीवर चहाची कपबशी घेऊन बसलेलो असतो. ऊन नुकतंच कौलांवरून खाली उतरलेलं असतं. हल्ली वाघाच्या भीतीनं पुरतं उजाडल्याशिवाय पाळीवर कुणी जायचं नाही, असं गावानं ठरवलं आहे. त्यामुळे पूर्वी धुक्यात ऐकू येणारे पाय आता उन्हात ऐकू येतात. पाण्यावरून आवाज लांबवर येतो.

"एकशे अठ्ठ्याहत्तर!"

"एकशे नव्वद. काय वो, तुले काय झालं आज? रात्री नाटकाले गेली होती का?"

मग हशा पिकतो, आणि त्या हशानं तलावातली बदकं उडतात.

हा भरतीचा हंगाम. पोलिसांत भरती निघाली असो की नसो, थंडी आली की आमच्या भागातल्या मुली धावायला लागतात. वरोऱ्याकडे कापसाच्या गाड्या लागतात, इकडे आमच्या मुली पाळीला लागतात. सावली गावाच्या रस्त्यानं सकाळी एसटीनं गेलात तर गावागावांच्या वेशीवर दिसतील. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेल्या, तोंडातून वाफ निघते आहे, एकीच्या हातात मोबाइल. बाकीच्या गावच्या मुली वेळ सांगतात ती मिनिटांत आणि सेकंदांत. आमच्या गावच्या मुली नुसते सेकंद सांगतात. दम लागलेला असतानाही हिशेब तोंडात तयार असतो. बाहेरगावचा कुणी ऐकतो तेव्हा त्याला नवल वाटतं. मला वाटत नाही. ही सवय मी लावली आहे.

मी या गावच्या शाळेत सातवीपर्यंतच्या मुलांना गणित शिकवलं. खेळाचा तासही माझ्याकडेच असे, कारण शिट्टी माझ्याकडे होती. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पंचक्रोशीत माझं खरं नाव फार थोड्यांना आठवत असेल. सगळे मला साठ गुरुजी म्हणतात. मूल गावाच्या एसटीवर एक वाहक बाई आहे, माझीच विद्यार्थिनी. मला चढताना पाहिलं की गाडीभर ऐकू जाईल असं विचारते, "या साठ गुरुजी. मूलले पोचाले पस्तीस मिनिटं. सेकंद किती?" मी म्हणतो, "एकवीसशे." ती घंटी मारते, "बराबर. बसा आता." लोक हसतात. माझी छाती थोडी फुगते, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचतंही. इतकी वर्षं मी फुगलेली छाती दाखवली. टोचतं ते आता सांगतो.

मिनिटांचे सेकंद करणं हा पाचवीतला धडा आहे. मिनिटांना साठानं गुणायचं, वरचे सेकंद मिळवायचे. दोन ओळींचं काम. बहुतेक मास्तर तो दहा मिनिटांत उरकतात आणि पुढच्या पानावर जातात. मी त्यावर आठवडा घालवत असे. मुलांना पाळीवर न्यायचो. मोहाच्या झाडाखाली बसवायचो. आमच्या तलावात ढिवर लोक शिंगाडा लावतात, तेव्हा थंडीत काठावर हिरव्या, काट्यांच्या शिंगाड्यांच्या टोपल्या असायच्याच. मी एक टोपली मागून आणायचो.

"हे काय?"

"शिंगाडे!" सगळी पोरं.

"नाई. हे मिनिट आहे. यात साठ शिंगाडे आहेत असं समजा. अशा तीन टोपल्या, आणि बाहेर सुटे पाच. एकूण किती?"

पोरं टोपल्या फोडत. हा शब्द त्यांचाच, 'मिनिट फोडा'. तीन टोपल्यांचे एकशे ऐंशी, वरचे पाच, झाले एकशे पंच्याऐंशी. मग मी ते पाच शिंगाडे तळहातावर घेऊन विचारायचो, "हे पाच म्हणजे अर्धी टोपली का?" पोरं हसायची. पाच शिंगाडे अर्धी टोपली कशी होईल? एवढं तर बालवाडीतल्यालाही कळतं. मी तरी दरवर्षी विचारायचो. दरवर्षी पोरं हसायची. दरवर्षी मी त्यांच्यासोबत हसायचो, आणि दरवर्षी माझ्या हातातले ते पाच ओले शिंगाडे मला काट्यांसकट टोचायचे.

नंतर पोरं ते शिंगाडे उकडून खायची. उकडलेल्या शिंगाड्याला जो चिखलाचा, पाण्याचा आणि थोडासा दुधाचा वास असतो, तो मला गणिताचा वास वाटतो.

एका थंडीची गोष्ट आहे. तेव्हा मी पस्तिशीच्या आतबाहेर होतो. चंद्रपूरहून मी दोन वस्तू आणल्या होत्या. एक टिकटिकणारं, चावीचं, शर्यतीचं घड्याळ, आणि एक हिशेबाचं यंत्र, कॅलक्युलेटर, उन्हावर चालणारं. आसपासच्या शाळांत दोन्ही वस्तू कुणाकडे नव्हत्या. मी घड्याळ गळ्यात घालून गावातून फिरायचो. पानठेल्यावर बसलेले म्हातारे मला थांबवायचे, "काय गा मास्तर, किती वाजले त्यात?" मी सांगायचो, यात वाजत नाहीत, यात फक्त लागतात. हे वाक्य मला फार आवडायचं. तेव्हा स्वतःची बरीच वाक्यं मला आवडत.

त्या थंडीत तालुक्याहून निरोप आला की प्रत्येक शाळेनं धावण्यासाठी एक मुलगी निवडून पाठवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी खेळाडू मुलींचं वसतिगृह निघालं होतं. राहायचं, खायचं, धावायचं आणि दहावीपर्यंत शिकायचं. आमची शाळा सातवीला संपत असे. सातवीनंतर मुलगी एकतर धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जायची किंवा घरी लहान भावंडं सांभाळायची. त्या एका जागेचा अर्थ गावात सगळ्यांना समजला होता. मुलींना तर आमच्या आधी.

मैदान नव्हतं. शाळेसमोर जे होतं ते धानाचं खळं झालं होतं, बैल फिरत होते. धावायला एकच जागा, तलावाची पाळ. पाळ म्हणजे मातीचा बांध, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या. रुंदी इतकी की एक माणूस सुखानं चालेल. समोरून दुसरा आला तर एकानं अंग चोरायचं. तिथे दोन मुली शेजारी धावल्या असत्या तर एक पाण्यात आणि एक धानात पडली असती. तेव्हा आमच्या गावची पद्धतच होती, एकेकटीनं धावायचं. मोहाच्या झाडापासून निघायचं, पाळीच्या वळणामागे सांडवा आहे तिथल्या दगडाला हात लावायचा, परत यायचं. दगडाजवळ एक मुलगी उभी करायची, हात लावला की नाही बघायला. म्हणजे कोण कुणाच्या पुढे आहे हे कुणाच्याच डोळ्यांना दिसत नसे. माझ्याही. जे काही दिसायचं ते माझ्या गळ्यातल्या घड्याळाला.

पंचफुला शिंगाडेवाल्या ढिवराची मुलगी. बारा वर्षांची, काळी, लांब पायांची. चिखलात पाय रोवून शिंगाडे काढणाऱ्यांच्या घरातली, तिला कोरडी पाळ म्हणजे काहीच नव्हती. ती धावायची तेव्हा पायांचा आवाज यायचा नाही. फक्त फ्रॉकचा फडफडाट यायचा. मंदा तिच्या शेजारची, तिची जिवाची मैत्रीण. मंदा जोर लावून, दात खाऊन धावायची. निवडीच्या त्या सकाळी डझनभर मुली धावल्या. मंदा धावली तेव्हा दगडाजवळ पंचफुला उभी होती. पंचफुला धावली तेव्हा मंदा.

थंडीनं माझी बोटं आखडली होती. मी पाटीवर खडूनं वेळा लिहीत होतो. घाईत लिहिण्याची माझी एक रीत होती. तीन मिनिटं वीस सेकंद असेल तर ३.२०. तीन मिनिटं पाच सेकंद असेल तर ३.५. मधलं टिंब मिनिटं आणि सेकंद वेगळे ठेवायला. एवढंच.

पंचफुला आली, झाडाला टेकली. "गुरुजी, किती लागले?"

"संध्याकाळी सांगतो."

"आता सांगा नं. मले धीर नाई धरवत."

"संध्याकाळी म्हणलं नं?"

मला यंत्र वापरायचं होतं. तालुक्याला वेळ सेकंदांत कळवायची होती, आणि यंत्राशिवाय केलेला हिशेब मला त्या दिवसांत जुनाट वाटायचा. शाळेच्या खिडकीत, उन्हाची तिरीप जिथे येते तिथे यंत्र धरून मी पाटीवरचा एकेक आकडा दाबला आणि साठानं गुणला. ३.२० गुणिले साठ, एकशे ब्याण्णव. ३.५ गुणिले साठ, दोनशे दहा. मंदा एकशे ब्याण्णव. पंचफुला दोनशे दहा. मी पाटी पुसली, आकडे चिठ्ठीवर लिहिले, तालुक्याला जाणाऱ्या माणसाच्या हातात दिले.

ज्यानं पाचवीला गणित शिकवलं आहे त्याला एव्हाना कळलंच असेल. पाच सुट्या शिंगाड्यांची मी अर्धी टोपली केली होती. टिंब मी माझ्या सोयीसाठी दिलं होतं आणि यंत्रानं ते त्याच्या रीतीनं वाचलं. यंत्राचा काय दोष? पंचफुला खरी आली होती एकशे पंच्याऐंशीत आणि मंदा दोनशेत. एक मिनिट हातानं गुणाकार केला असता तर दिसलं असतं.

संध्याकाळी मी नाव सांगितलं. मुली धानाच्या तणशीच्या ढिगावर बसल्या होत्या. मंदानं तोंडावर हात घेतला आणि आधी पंचफुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचफुला उठून उभी राहिली.

"माझं काऊन नाई, गुरुजी? दगडापासून येताना मी एकदाबी थांबली नाई."

मी यंत्र वर धरलं. मला तो क्षण हातातल्या त्या वस्तूच्या वजनासकट आठवतो. म्हणालो, "पंचे, आकडे खोटं बोलत नाहीत."

ती बसली नाही. चालत घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मुलीच्या पायांचा आवाज ऐकला.

मला ते कळलं ते पानगळीच्या दिवसांत. मंदा तोवर जिल्ह्याच्या ठिकाणी गेली होती. मी चाचणीचे पेपर तपासत होतो. एका पोरानं लिहिलं होतं, दोन मिनिटं आठ सेकंद बरोबर २.८, गुणिले साठ, एकशे अडुसष्ट. मी लाल फुली मारली, शेजारी एकशे अठ्ठावीस लिहिलं, आणि 'डोकं कुठं होतं?' असं लिहायला लागलो. 'डोकं' एवढंच लिहून झालं. बाहेर मोहाची पानं पडत होती. मला पाटीवरचं टिंब दिसलं. मी दोनशे दहाला साठानं उलटा भाग दिला, साडेतीन आले, आणि मी साडेतीन कधी लिहिलेच नव्हते. मी तीन आणि पाच लिहिले होते.

तेव्हा बोललो असतो तर तालुक्याला जाऊन निस्तरता आलं असतं, किंवा निदान तसा प्रयत्न तरी. मी गप्प राहिलो. मंदाची जागा जाईल, बिचारी रुळली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. गणिताच्या मास्तराला पाचवीचं गणित आलं नाही हे पानठेल्यावर कळेल, याची मला लाज वाटत होती. दुसऱ्या वर्षी पंचफुला सातवी संपवून रोवण्याला गेली. मी सायकलवरून शाळेत जाताना बांधीत वाकलेल्या बायकांच्या रांगेत ती दिसायची. मान वर करून म्हणायची, "गुरुजी, नमस्कार." मी घंटी वाजवायचो. त्या वर्षापासून मी मुलांना पाळीवर न्यायला लागलो, टोपली मागायला लागलो. लोकांना वाटलं, काय जीव लावून शिकवतो हा माणूस.

आणि शिकवलं मी जीव लावूनच, हेही तितकंच खरं आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरानं पुन्हा ते टिंब तसं वाचलं नाही. एक पोरगा गडचिरोलीला दवाखान्यात आहे. तो म्हणतो, सलाइनचे थेंब मोजताना मला अजून शिंगाडे दिसतात. याचा मला गर्व आहे.

मंदा वसतिगृहात दहावी झाली, पुढे नर्स झाली आणि सिरोंच्याकडे लागली. आता गोदावरीच्या काठी राहून तेलुगूत पेशंटना रागावते. पंचफुलाचं लग्न नदीपलीकडे झालं. काही वर्षांनी ती नवऱ्याला घेऊनच माहेरच्या तलावावर परत आली. शिंगाडा त्याला तिनंच शिकवला. तिची मुलगी मोठी झाली आणि भरतीसाठी धावायचं म्हणाली, तेव्हा पंचफुला मोहाच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. मुलगी वर्दीत गेली. मग शेजारची आली, मग तिची बहीण, मग खालच्या वस्तीतल्या, टोल्यावरच्या गोंडांच्या मुली. आज गावात जितक्या वर्द्या दोरीवर वाळतात त्यातल्या बहुतेक या बाईच्या ओरडण्यातून आल्या आहेत. शिट्टी तिच्याकडे नाही. तिला लागत नाही. "पाय उचल वो! बांधीत चिखलणी करून राह्यली का?" एवढं पुरे होतं.

तिची एक रीत मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो. मुलगी धावताना वेळ धरायला ती दोन मोबाइल लावते, दोन मुलींच्या हातात. एकदा मी विचारलं, "दोन काऊन वो, पंचफुला?"

"एक चुकली तं?"

मला वाटलं, ही माझी शिकवण. काटेकोरपणा. मी ते शाळेच्या कार्यक्रमात भाषणात सांगितलंसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या वर्षी शाळेच्या भिंती रंगवायच्या निघाल्या. फाटकाच्या आत एक फळा भिंतीवरच रंगवलेला आहे, 'शाळेचा मान'. त्यात पहिली ओळ: मंदा, पाळीची दौड, १९२ सेकंद. दरवेळी रंग उडाला की सावलीचे रशीदभाई पेंटर येऊन तीच ओळ गिरवून जातात. आताच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, गुरुजी, एकदा नजर टाका, मग रंगवू.

मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. एकशे ब्याण्णव. इतकी वर्षं मी त्या आकड्यासमोरून मान वळवून गेलो होतो. त्या दिवशी नीट पाहिला. तेवढ्या वेळात ती पाळ मंदा धावली नव्हती आणि पंचफुलाही धावली नव्हती. तो आकडा कुणाचाच नव्हता. खिडकीतल्या उन्हात यंत्रानं तो जन्माला घातला होता, आणि गावच्या मुली पिढ्यांमागून पिढ्या सकाळी उठून त्याच्याशी शर्यत लावत होत्या. "मंदाबाईचा मोडला!" म्हणून पेढे वाटत होत्या.

रशीदभाई ब्रश घेऊन तयार होते. "क्या गुरुजी, वही लिहू ना? ब्याण्णव?"

"थांबा," मी म्हणालो. "दोन दिवस थांबा."

आधी मंदाला फोन केला. तिचा मान होता तो. सगळं सांगितलं. पलीकडे एसटीचे भोंगे आणि कुणाचं तरी तेलुगू बोलणं ऐकू येत होतं.

"म्हणजे तुमचा गुणाकार चुकला तं मी नर्स झाली," ती म्हणाली. "आता काय करू गुरुजी, मागं जाऊ?"

मी म्हणालो, पंचफुलाला अजून सांगितलेलं नाही.

"मले शक होता," ती म्हणाली. "दगडाजवळ मी उभी होती नं. ती आली अन् गेली. मी कोणाले बोलली नाई, मी बी लहान होती, मले जायाचं होतं. पंचीले सांगा. फोनवर नका सांगू."

पंचफुला काठावर शिंगाडे निवडत बसली होती. चुलीवर एक हंडा उकळत होता. मी जाऊन तिच्यासमोर दगडावर बसलो. ती उकडलेले शिंगाडे पुढे करत म्हणाली, "घ्या, गरम आहे." मी घेतले नाहीत. हातात पाटी आणली होती, मुद्दाम. तिच्यावर ३.५ लिहिलं आणि सगळं सांगितलं.

तिनं पाटीकडे पाहिलं नाही. शिंगाडा दातानं फोडला, गर काढला आणि तो न खाता हातातच धरून ठेवला.

"तुमी म्हणले होते, आकडे खोटं बोलत नाई."

"हो."

"मी पुरं सालभर पाळीवर नाई गेली गुरुजी. घागर घेऊन लांबून बांधीतून जावो. मले वाटे, आपल्याले वाटते आपण धावून राह्यलो, अन् खरं तं आपण हळू असतो. आपल्याले आपलंच समजत नाई, असं वाटे." तिनं गर हंड्यात परत टाकला. "तुमाले कवा समजलं?"

"त्याच साली. पानगळीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर टाळली नाही, एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येईल.

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"आता नाई वाटत?"

"आताही वाटते."

पाण्यात ढिवरांची एक डोंगी सरकत होती. पंचफुला उठली, तिनं हात पदराला पुसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजपर्यंत म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलंही नाही. म्हणाली, "मले एकटीले सांगून काय उपयोग? मी काय आता पुलिसात जाऊ? उद्या पाळीवर या. पोरींले सांगा."

दुसऱ्या दिवशी ऊन पाळीवर येईपर्यंत मी झाडाखाली जाऊन उभा होतो. मुली आल्या, अंग मोकळं करायला लागल्या. मला पाहून एकमेकींना कोपरं मारू लागल्या, "साठ गुरुजी आले, आता पाढे म्हणा." मी पाटी वर धरली. तीन मिनिटं, वर पाच सेकंद.

"किती?"

"एकशे पंच्याऐंशी!" पाळभर एकच आवाज. बदकं उडाली.

"हे मला आलं नव्हतं," मी म्हणालो.

त्या हसल्या. मास्तर गंमत करतात असं त्यांना वाटलं. मग मी सांगत गेलो आणि हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. घड्याळ, टिंब, यंत्र, तणशीवर बसलेल्या मुली, उठून गेलेली एक. लाल पेनानं लिहिलेला 'डोकं' हा शब्द. मी काही गाळलं नाही.

मग खालच्या टोल्यावरची एक मुलगी, जी रोज सगळ्यात शेवटी येते, पंचफुलाकडे वळली. "म्हणजे बाई, तुमी एकशे पंच्याऐंशीत? बारा वर्साच्या असताना? बिना बुटाच्या?"

"अन् फ्राकात," पंचफुला म्हणाली.

"बापा!"

"बापा काय? तुले बूट घेऊन दोनशे वीस लागतात."

मग जो हशा पिकला त्यात ती पहिल्यांदा हसली, पदर तोंडाला लावून, आणि क्षणभर मला ती झाडाला टेकून 'किती लागले' विचारणारी मुलगी दिसली. तिला उत्तर मिळायला किती सेकंद लागले याचा हिशेब मी करू शकतो. केलेला नाही. काही टोपल्या फोडायची मला हिंमत नाही.

दुपारी ती माझ्याबरोबर शाळेत आली. रशीदभाईंनी डबा उघडला. "तो मंदाबाईका नाम काटू?"

"काटाचं काऊन?" पंचफुला म्हणाली. "ते बी धावलीच होती. तिचा आकडा नीट करा. दोनशे. अन् वर जागा आहे नं, तिथं माझं लिवा."

"मिनिट में लिखू या सेकंद में?"

आम्ही दोघंही एकदम बोललो.

ओळ लिहून झाल्यावर ती भिंतीपासून चार पावलं मागे गेली आणि वाचत उभी राहिली. तेलरंगाचा वास येत होता. माझ्या हातून घडलेल्या चांगल्या गोष्टी मोजायला बसलो तर फार निघणार नाहीत, पण ती धावणारी मुलगी माझ्या शाळेची होती, आणि मी काहीही केलं तरी ती हळू झाली नाही. हा अभिमान आता मी मान न वळवता बाळगू शकतो.

आज सकाळी चहा घेऊन ओसरीवर न बसता मीच पाळीवर गेलो. पंचफुलानं मला पाहिलं. पहिली मुलगी झाडापाशी सज्ज झाली तेव्हा तिनं हातातला एक मोबाइल माझ्याकडे दिला. "धरा गुरुजी. वेळ तुमी सांगा."

इतक्या वर्षांत पाळीवर वेळ धरायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलगी निघाली. वळणापर्यंत तिची ओढणी दिसली, मग फक्त पाणी. मी आकड्यांवर डोळे लावून उभा होतो. आणि तेवढ्यात मागून पंचफुलाचा आवाज आला, दुसऱ्या मुलीला, जराही हळू नाही, मला ऐकू जाईल असाच:

"तू बी चालू केली का वो? दोन्ही पाह्यजे."

"केली बाई."

"बरं."

मी मागे वळलो नाही. वळणावर ओढणी पुन्हा दिसली, मोठी होत आली, झाडाला हात लागला. मी मिनिट फोडलं, वरचे मिळवले आणि मोठ्यानं सांगितलं. मागून दुसऱ्या मुलीनं सांगितलं. दोन्ही आकडे एकच होते.

"लिव," पंचफुला म्हणाली. "दुसरी कोण?"